आप्पांचा निळा कोट

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली उतरली, की आमच्या घरातले काम दोन तास तरी ठप्प होते. आईची नऊवारी, पिवळ्या पडलेल्या लग्नपत्रिका, कुणाची तरी लोकरी टोपी, असे एकेक निघत जाते आणि ज्याने त्याने आपापली आठवण सांगितल्याशिवाय ट्रंक पुन्हा बंद होत नाही. गेल्या दिवाळीत माझा नातू मदतीला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. डांबराच्या गोळ्यांच्या वासातून त्याने तळाशी घडी करून ठेवलेला गडद निळा कोट उपसून काढला, झटकला आणि अंगात घालून आरशासमोर उभा राहिला.

"आबा, हे तर एकदम ओल्ड मनी आहे!"

मला काही कळेना. मग त्याने मोबाईलवर फोटो दाखवले. निळा कोट, कॉलरला बटणे असलेला पांढरा शर्ट, खाकी पँट आणि बिनमोज्यांचे बूट घातलेली अमेरिकन पोरे हिरवळीवर बसलेली. "याला प्रेपी म्हणतात. पिढीजात श्रीमंतांच्या मुलांचा पोशाख. सध्या सगळ्यांना असंच दिसायचंय."

मी हसलो, ते हसू बराच वेळ आवरेना. कोट माझ्या वडिलांचा, आप्पांचा. ते हायस्कूलमध्ये शिक्षक होते. घरात 'मनी' फारसे नव्हतेच, आणि जे होते ते 'ओल्ड' व्हायच्या आत, महिन्याच्या वीस तारखेला संपायचे.

पण नातवाचा शब्द मनातून जाईना. पणजोबाच्या कोटात आजच्या पोराला श्रीमंती दिसते, ती कशी? म्हणून थोडा शोध घेतला, थोडे आठवले. ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

'प्रेपी' हा शब्द आला अमेरिकेतल्या 'प्रेप स्कूल'वरून. विद्यापीठाच्या प्रवेशाची तयारी करून घेणाऱ्या या खासगी निवासी शाळा. त्यांतली अँडोव्हरची शाळा १७७८ सालची, एक्झिटरची १७८१ सालची. इथली मुले पुढे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया अशा जुन्या विद्यापीठांत जात. अशा आठ विद्यापीठांच्या गटाला 'आयव्ही लीग' हे नाव १९५४ साली खेळांच्या सामन्यांच्या निमित्ताने अधिकृतपणे मिळाले. या मुलांचा पोशाख ठरलेला आणि साधा. तोच पोशाख जपानी तरुणांनी डोक्यावर घेतला. १९६५ साली 'टेक आयव्ही' नावाचे छायाचित्रांचे पुस्तक तिकडे निघाले. खुद्द अमेरिकेत १९८० साली लिसा बर्नबॅक यांनी या मंडळींची टिंगल करणारे 'द ऑफिशियल प्रेपी हँडबुक' काढले. गंमत अशी, की लोकांनी ती टिंगल मार्गदर्शक म्हणून वाचली आणि दुकानातून तेच कपडे आणले. आज पन्नाशी-साठी उलटली तरी ते कपडे दुकानातून हललेले नाहीत.

आता या पोशाखाची घडी जरा उलगडून बघू. खाकी म्हणजे आपल्या भागातला 'खाक', धूळ. १८४६ च्या सुमारास पेशावरकडे हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने उभारलेल्या पथकाने पांढऱ्या आणि लाल गणवेशाऐवजी हा धुळीचा रंग घेतला आणि तिथून तो जगभर गेला. उन्हाळी कोटाचे 'सीरसकर' नावाचे चुणीदार कापड म्हणजे फारसीतले 'शीर-ओ-शक्कर', दूध आणि साखर. एक पट्टा गुळगुळीत, एक खरखरीत. 'डंगरी' या कापडाचे नाव आपल्या मुंबईतल्या डोंगरीचे. कॉलरला बटणे लावायची कल्पना ब्रूक्स ब्रदर्स या अमेरिकन दुकानदारांनी इंग्लंडमधल्या पोलो खेळाडूंकडून उचलली. वाऱ्याने कॉलर तोंडावर उडू नये म्हणून ते ती बटणाने अडकवीत. आणि पोलो इंग्रज शिकले ते मणिपूरच्या सीमेवर.

मद्रासी चौकड्यांची कथा तर सर्वांत बहारीची. पुढे 'लीला' हॉटेले उभारणारे कॅप्टन कृष्णन नायर तेव्हा हातमागाचे कापड निर्यात करीत. १९५८ साली त्यांचे कापड अमेरिकेत गेले. नैसर्गिक रंगाचे ते कापड गार पाण्यात, अलगद धुवायला हवे होते. ही सूचना गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचलीच नाही. शर्टांचे रंग वाहू लागले, तक्रारी सुरू झाल्या. तेव्हा जाहिरातवाल्यांनी दोषाचाच गुण केला: रंग जाणार याची हमी! प्रत्येक धुण्यागणिक शर्ट निराळा दिसेल, असे सांगून तेच कापड विकले गेले. आपल्याकडे रंग गेलेला शर्ट दुकानदाराच्या अंगावर फेकला असता. तिकडे तो कुलीनपणाचा पुरावा ठरला.

इथेच मला आप्पांची आठवण आली.

आप्पाही 'निवासी' शाळेतलेच. कागल तालुक्यातल्या एका खेड्यातून ते शिकायला कोल्हापुरात आले, तेव्हा बोर्डिंगात राहिले. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंगापासून सुरुवात केली आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य समाजातील मुले अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, पण त्या जागांवर बसायला शिकलेली माणसे हवीत, आणि खेड्यातल्या पोराला शिकायचे तर शहरात दोन घास आणि पाठ टेकायला जागा हवी. महाराजांचा हिशेब सरळ होता.

अमेरिकेतल्या बोर्डिंगात श्रीमंतांची पोरे, आमच्या बोर्डिंगात शेतकऱ्यांची. पण पोशाख बघा. आप्पांकडे दोन पांढरे शर्ट आणि एक खाकी अर्धी विजार. एक शर्ट अंगावर, एक दोरीवर. रात्री धुवायचा, तांब्यात निखारे घालून सकाळी फिरवायचा. कॉलरची कडा विरली, की शिंप्याकडे जाऊन कॉलर उसवून उलटी करून घ्यायची. विरलेली बाजू आत, कोरी बाजू बाहेर. त्या कॉलरवर शर्ट आणखी वर्षभर चालायचा. हे ज्यांनी केले आहे, त्या घरांत आजही वाचकांपैकी कुणी ना कुणी वडीलधारे मान डोलावत असतील.

नातवाने मला सांगितले, की अस्सल प्रेपी माणूस विरलेल्या कॉलरचा शर्ट मुद्दाम घालतो. कोपर फाटले तर चामड्याचे ठिगळ लावतो आणि ते दिसू देतो. नवे कोरे कपडे म्हणजे नवश्रीमंती!

मला हे नीट उमगायला चार दिवस लागले. विरलेली कॉलर तीच. एकाने ती मिरवायची, दुसऱ्याने उलटी करून लपवायची. ज्याच्या श्रीमंतीविषयी कुणाला शंका नाही, त्याला फाटके परवडते. ज्याच्याकडे बघून चपराशी "काय पाहिजे?" विचारणार, त्याला इस्त्रीची घडी सांभाळावीच लागते. कापड बोलत नाही, ते घालणाऱ्याची पायरी बोलते.

आणि म्हणून आयव्ही लीगमधला मराठी माणूस म्हटले, की मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरच आठवतात. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे आयुष्यभर त्यांनी सूट आणि टाय नीटनेटका सांभाळला. १९३१ साली लंडनच्या गोलमेज परिषदेत महात्मा गांधी पंचा नेसून बसले आणि बाबासाहेब सुटात. गांधीजींनी १९२१ साली मदुराईत जादा वस्त्रांचा त्याग केला, तो थोरच. पण त्याग करायला आधी ती वस्तू हक्काची असावी लागते. ज्या समाजाला चांगले नेसायला-ल्यायला पिढ्यान्‌पिढ्या मज्जाव होता, त्याच्या पुढाऱ्याने कोट उतरवून काय सिद्ध झाले असते? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी हेच सांगितले, की लुगडे नेसण्याच्या ज्या पद्धतीवरून जात ओळखू येते, ती पद्धत सोडा. मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत, म्हणजे आमच्या कागल जहागिरीतच, शाहू महाराज या तरुण विद्वानाच्या पाठीशी उभे राहिले होते. १९५० साली माधवराव बागलांच्या पुढाकाराने कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे बसले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. पुढे गावोगाव पुतळे झाले. त्यांतल्या निळ्या कोटाला 'फॅशन' म्हणण्याची कुणाची छाती होईल?

आप्पांचा कोट १९५२ सालचा. नोकरीत कायम झाल्यावर त्यांनी शिवून घेतला. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी वळिवड्याला गांधीनगरची कापडपेठ उभी केली होती. त्याच्या आधी त्या छावणीत पोलंडचे निर्वासित राहून गेले होते. आप्पा सायकलवरून तिथे गेले आणि लोकरीचे निळे कापड घेऊन आले. शिलाई तीन हप्त्यांत फेडली, असे आई सांगायची. त्या कोटावर आप्पांनी आयुष्य काढले. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, शाळेचे स्नेहसंमेलन, साहेबांची तपासणी, मुलीकडच्यांची बोलणी. वर कोट, डोक्यावर काळी टोपी, खाली पांढरे धोतर आणि पायांत कोल्हापुरी वहाणा. बूट त्यांनी कधी घेतले नाहीत.

या वहाणांपायीच मला एक गोष्ट कबूल करायची आहे. पन्नास वर्षे ती कुणाला सांगितलेली नाही.

१९७४ साली मी कॉलेजात होतो. बेलबॉटमचे दिवस. पँटचा घोळ जितका मोठा, तितका माणूस मोठा. शर्टाची कॉलर कुत्र्याच्या कानांएवढी, केस कानांवर. मला निबंधस्पर्धेत बक्षीस मिळाले होते आणि समारंभाला पालकांना बोलावणे होते. आप्पा शाळा सुटल्यावर निघाले, त्यामुळे थोडे उशिरा पोहोचले. पाहुण्यांचे भाषण रंगले होते, सभागृह शांत. आणि मागच्या दारातून कर्र, कर्र, कर्र असा आवाज सुरू झाला. नव्या वहाणांचा. सगळ्यांच्या माना वळल्या. निळा कोट, धोतर, घामेजलेला चेहरा. आप्पा मला शोधत मधल्या वाटेने पुढे येत होते. शेजारचा मित्र हसून म्हणाला, "हे कोण रे पाव्हणं?"

मी म्हणालो, "कोण जाणे."

आप्पांनी ते ऐकले की नाही, मला माहीत नाही. माझ्या ओळीपर्यंत आलेली ती कर्रकर्र थांबली, वळली आणि मागे गेली. ते शेवटच्या बाकावर बसले. बक्षीस घेऊन मी खाली उतरलो, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत ते उभे होते. रात्री जेवताना ते एवढेच म्हणाले, "तुझं अक्षर अजून सुधारायला पाहिजे." वहाणांविषयी एक शब्द नाही. पण त्यानंतर माझ्या कुठल्याही समारंभाला ते आले नाहीत. काही ना काही काम निघायचे.

माझी बेलबॉटम चार वर्षांत पोछा पुसायला गेली. आप्पांचा कोट अजून ट्रंकेत आहे.

तो टिकला कसा, हे मला नातवाबरोबर शिंप्याकडे गेल्यावर कळले. नातवाला जानेवारीत नोकरीच्या मुलाखती होत्या आणि हाच कोट घालायचा होता. खांदा तंतोतंत बसत होता, पण पोट आणि पाठ आवळत होती, बाह्या आखूड पडत होत्या. आप्पांच्या शिंप्याचा मुलगा अजून दुकान चालवतो, आता त्याचेही केस पिकले आहेत. त्याने कोट उलटा केला आणि अस्तरावरून बोट फिरवीत राहिला.

"आमच्या म्हाताऱ्याचा हात हाय हो ह्यो," तो म्हणाला. "खांदा बसला न्हवं? मग काळजी सोडा. कोटात खांदा तेवढा दुरुस्त हुत न्हाई. बाकी समदं हुतंय."

मग त्याने समजावून सांगितले. हा कोट कधीच फॅशनचा नव्हता, म्हणून तो जुना झाला नाही. छातीवरची उलटी पट्टी ना फार रुंद, ना फार चिंचोळी. बटणांची एकच ओळ. खांद्यात गादी जवळजवळ नाही, त्यामुळे तो अंगाच्याच आकाराने पडतो. लांबी बेताची. सत्तरीत पट्ट्या रुंद झाल्या, ऐंशीत खांदे फुगले, मध्यंतरी सगळे कोट आखूड आणि आवळ झाले. लंबक दोन्ही टोकांना जाऊन परत येतो, तो मधूनच. मध्यावर उभा असलेल्याला फक्त थांबायचे असते. निळ्या रंगाचेही तसेच. पांढऱ्यावर, खाकीवर, करड्यावर, कशावरही चालतो. उजळ कांतीला आणि सावळ्या कांतीला सारखाच खुलतो.

मला वाटते, त्या अमेरिकन पोशाखाचे गुपितही यापेक्षा वेगळे नसावे. थोडे कपडे, चांगले कापड, बेताचा बेत, आणि घेतलेले फाटेपर्यंत वापरणे. श्रीमंतांनी ते हौसेने केले, आमच्या बोर्डिंगवाल्यांनी गरजेने. दोन्ही वाटा एकाच कोटापाशी येऊन मिळाल्या. म्हणून तर नातवाला पणजोबात 'ओल्ड मनी' दिसला.

आणि वहाणा? त्यांचीही गोष्ट पुरी केली पाहिजे. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये तरुण मॉडेल पायांत चक्क कोल्हापुरी घालून चालले. कंपनीने कोल्हापूरचे नाव घेतले नव्हते. गावात संताप उसळला आणि तो रास्त होता. म्हशीच्या कातड्याचा तळ, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेले चामडे, वादीची शिवण, खिळा म्हणून नाही. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्या कारागिरांनी केले, त्यांना समाजाने गावाबाहेर ठेवले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. अखेर प्राडाने ही प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले, त्यांची माणसे कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी त्यांचा करार झाला.

या सगळ्या गदारोळात मी मात्र गप्प होतो. कंपनीने नाव घेतले नाही म्हणून ओरडण्याचा अधिकार मला आहे का, हे मला ठरवता येत नव्हते. वहाणा ओळखायला नकार देणारा पहिला मी होतो.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात आम्ही कोट आणायला गेलो. पोट सैल झाले होते, बाह्या मनगटापर्यंत आल्या होत्या. कोपरावर आप्पांनी केव्हातरी करून घेतलेले रफू होते. ते काढून ठिगळ लावायचे का, असे शिंप्याने विचारले. नातू म्हणाला, "राहू दे. तेच भारी दिसतंय."

"एवढं कापड आणलं कुठनं?" मी विचारले. सत्तर वर्षांपूर्वीचे कापड आज कुठे मिळणार?

शिंप्याने कोट उलटा करून शिवण दाखवली. आत दोन्ही बाजूंना चांगले बोट-दीड बोट कापड दुमडून ठेवलेले होते. "गुरुजींनीच सांगितलं असणार. पोरगं मोठं झालं की त्याच्या अंगाला यावा, म्हणून आत सोडून ठेवायची लोकं."

म्हणजे तो कोट माझ्यासाठी होता. मी कधी मागितलाच नाही.

नातवाने कोट घातला आणि दुकानाच्या आरशात पाहिले. घरी जाताना त्याने मला चप्पल लायनीत थांबवले आणि स्वतःसाठी एक कोल्हापुरी जोड घेतला. मुलाखतीला नव्हे, तिथे बूटच लागतात. कॉलेजच्या पदवीदान समारंभाला धोतर, कोट आणि वहाणा असा बेत आहे म्हणाला. वहाणा घालून तो फरशीवर चार पावले चालला. कर्र, कर्र.

"आबा, आवाज फार येतोय का?"

"येऊ दे," मी म्हणालो. "मी पहिल्या ओळीत बसतो."

मे महिन्यात समारंभ आहे. शिंपी निघताना म्हणाला होता ते अजून कानांत आहे: "सर, आतलं निम्मंच कापड सोडलंय. निम्मं तसंच ठेवलंय. पुढं लागंल."